विहीणबाईंचे पाय

३ ऑक्टोबर

तिकीट आलं! कागदाचं नाही, बुद्धप्रियच्या फोनवर. पोरानं दोन बोटांनी मोठं करून दाखवलं. बेंगळूर ते सॅन फ्रान्सिस्को, मधे कुठंही न थांबता, सोळा तासांच्या वर. आणि खाली — बिझनेस क्लास.

मी म्हटलं, माझा कसला आलाय बिझनेस? वखारीत तंबाखू चाळायची सोडून जमाना झाला. तर म्हणतो, "आई, झोपून जायचं तिकीट आहे ते." झोपून तर आमच्या घरातनं एकटे देवाप्पा गेले, तेही चौघांच्या खांद्यावर. मला जिवंतपणी जमतंय, नवऱ्यापेक्षा बरंच म्हणायचं.

जावई राजकुमार कंपनीच्या कामाला सारखा विमानातनं हिंडतो. त्याचे म्हणे पॉइंट साठतात. त्या पॉइंटांवर सासूला आडवी करून नेतोय.

नीलमचे दिवस भरत आलेत. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं. पोर तिकडं, माहेर इकडं निपाणीत. मग माहेरानं उठून जायचं. एवढं साधं आहे.

५ ऑक्टोबर

एवढं साधं नाही!

नीलमचा फोन आला. गोड गोड बोलायला लागली तेव्हाच ओळखलं, काहीतरी शिजतंय. शेवटी म्हणाली, "आई, तुझ्या शेजारच्या सीटवर राजच्या आई असतील."

जयाबाई! वडगावच्या, विणकराच्या घरातल्या. आमची पोर त्यांच्या पोरानं केली, चार वर्षं झाली, पण बाई ना लग्नाला आल्या ना आमच्या उंबऱ्याला पाय लावला. नीलम एकदा हौसेनं त्यांच्या दारी गेली तर पाणी बाहेर कट्ट्यावर आलं, कागदाच्या कपात. कप तिथंच टाकून द्यायला सांगितला. पोरगी मला हसून सांगत होती. मीपण हसले. मग संध्याकाळपर्यंत भांडी घासत बसले, घासलेलीच.

त्यांचे यजमान नाहीत. घर चालतं थोरल्या दिराच्या आणि नागुबाई म्हणून थोरली जाऊ आहे तिच्या हुकमानं. राजकुमारचं नावसुद्धा त्या घरात कोण काढत नाही म्हणे. मग ह्या कशाला निघाल्यात? नातवंड बघायला, का बाळंतिणीच्या खोलीत हे शिवू नको, ते शिवू नको करायला?

वही, तुला सांगून ठेवते. माझ्या पोरीला ओल्या बाळंतपणात एक शब्द वाकडा बोलल्या, तर त्याच झोपायच्या विमानात घालून परत पाठवीन.

१२ ऑक्टोबर

डिंक, अळीव, खारीक, सुंठ, वेखंड, बाळंतशेपा. बुद्धप्रिय म्हणतो, तिकडं सगळं मिळतं. मिळत असेल. आईनं निवडलेलं मिळतं का?

१६ ऑक्टोबर, बेंगळूर

बुद्धप्रियनं गाडीनं आणलं. निपाणीहून अंधारात निघालो. बेळगाव वाटेतच लागतं, म्हणून वडगावात जाऊन विहीणबाईंना दारातनं घेऊ असं त्यानं कळवलं होतं. नको म्हणाल्या. काकतीपाशी हायवेला उभी राहते म्हणाल्या. काकती! घर शहराच्या त्या टोकाला आणि ही बाई रिक्षा करून ह्या टोकाला. आमची गाडी गल्लीत दिसायला नको, दुसरं काय.

पदर नाकापर्यंत. एक बॅग, एक पिशवी. माझ्याशी बोलणं म्हणजे, "बसू व्हय?" एवढं केलं आणि संपलं. हुबळी गेली, दावणगिरी गेली, त्यांचं तोंड त्यांच्या खिडकीकडं. मीपण काय कमी नाही, माझं तोंड माझ्या खिडकीकडं. मधल्या जागेवर पाण्याचा कॅन ठेवला होता. दिवसभर तोच एकटा पाहुण्यासारखा ताठ बसून आला.

जेवायला थांबलो तर त्यांनी गाडीतच आपला डबा सोडला. बुद्धप्रिय मला हळूच म्हणाला, आई, जाऊ दे. मी म्हटलं, मी कुठं धरलंय!

१७ ऑक्टोबर, विमानतळ

झोपणाऱ्या लोकांना बसायला वेगळी खोली. खायला ढीगभर, आणि खाणारे सगळे उपाशी असल्यागत फोनकडं बघतायत. मी दोन इडल्या घेतल्या. मग आणखी दोन.

कोणतरी बेळगावची बाई माझं फोनवरचं मराठी ऐकून जवळ आली. "आमच्याच भागातल्या दिसताय?" मी बोलणार तोवर जयाबाई उठल्या आणि संडासात गेल्या. ती बाई जाईपर्यंत आल्याच नाहीत. माझ्याबरोबर बसलेलं कुणी ओळखीच्यानं बघायला नको. उखळात डोकं घातलंय, आता मुसळाला कसली भिते!

१७ ऑक्टोबर, विमानात

लिहायला टेबल पण आहे. भिंतीतनं निघतं.

तर बिझनेस क्लास असा. प्रत्येकाला एक खोपा. त्यात खुर्ची. बटण दाबलं की खुर्ची लांब होत होत पलंग होते आणि पाय समोरच्या एका भोकात जातात. बटणं इतकी की मी एक दाबलं तर कंबर दाबायला लागलं. देवाप्पांनी चाळीस वर्षांत दाबली नाही, ती ह्या खुर्चीनं दाबली.

हवाई सुंदरी आली आणि माझ्यापुढं गुडघ्यावर बसली! "वेलकम, मिसेस तानीबाई." माझा जीव वर-खाली. आमच्या आयांनी मालकाच्या पायरीखाली उभं राहून हयात काढली आणि ही गोरीपान पोर माझ्यापुढं फरशीवर गुडघे टेकून विचारतीय, जेवायला काय आणू. म्हटलं, बाळ, आधी उठ, गार लागंल. ती उठेना. तिची नोकरीच ती. मग मी जरा खाली वाकले. दोघी वाकून बोललो.

ती मूळची धारवाडकडची निघाली. मग माझं कानडी सोडलं, "स्वल्प खार कोडी," थोडं तिखट द्या, तर कुठनं तरी हिरवी मिरची घेऊन आली. पांढरं कापड अंथरून, चार प्रकारचे चमचे मांडून, तीन वेळा थोडं थोडं वाढलं. सगळं होतं, भाकरी नव्हती.

आणि शेजार? आम्हाला मधल्या दोन जागा, लागून. दोघींच्या मधे एक भिंत आहे, बटणावर वर-खाली होणारी. जयाबाई बसल्या, इकडं बघितलं, तिकडं बघितलं, त्यांना बाकीचं एक बटण सापडलं नाही पण ते बरोबर सापडलं. सुर्र करून भिंत वर.

मी एकटीच हसले. हजारो वर्षं हे काम हातानं करावं लागायचं. आता बटण आलंय.

विमानातल्या ताटाला त्यांनी हात लावला नाही. भिंतीपलीकडनं शेंगदाण्याच्या चटणीचा वास आला, कडक भाकरी मोडल्याचा आवाज आला. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. पण नाव काढलं नाही.

१७ ऑक्टोबर, अजून विमानात

तारीख संपेना! बाहेर ऊन होतं तर ह्या लोकांनी खिडक्या काळ्या करून रात्र केली. सगळ्यांनी आपापले पलंग पाडले आणि पांढऱ्या चादरी ओढून झोपले. मीपण.

अर्धी झोप झाली असेल, तर मधल्या भिंतीवर टकटक. मग भिंत खाली गेली. जयाबाई. पदर डोक्यावरनं घसरलेला, डोळे मोठे. समोरच्या पडद्यावर नकाशा लावलेला, त्यात छोटं विमान. मला बोट करून विचारलं, हे आता कुठल्या दिशेला चाललंय?

माझं शिक्षण म्हणजे बिडीच्या बंडलावरची लेबलं लावून लावून आलेली अक्षरं. पण नकाशा मला आवडतो. मी म्हटलं, उत्तरेचं टोक मागं पडलं. आता पलीकडच्या अंगानं खाली. म्हणजे दक्षिण.

बाई ताडकन उठून बसली.

"म्हंजे आपलं पाय दक्षिणेला?"

मी उठून बघितलं. आणि काय सांगू! पुढं-मागं सगळे मोठमोठे साहेब, त्यांच्या बायका, उताणे, पांढऱ्या चादरीत, हात छातीवर, पाय यमाच्या दिशेला. ओळीनं! नुसते हार घालायचे बाकी. मला असं हसू फुटलं की चादर तोंडात कोंबली. म्हटलं, अहो, अर्धी वाट पाय उत्तरेला होते, आता दक्षिणेला, झाली फिट्टंफाट.

त्या ऐकायला तयार नाहीत. उलट्या फिरायला लागल्या. उशी पायाच्या भोकापाशी नेली आणि डोकं त्यात घालायला बघितलं. डोकं गेलं. खांदे अडकले. आतनं आवाज आला, "वढा." मी ओढलं. हवाई सुंदरी धावत आली. मी म्हटलं, ओके, ओके, साउथ प्रॉब्लेम. तिनं हात जोडून सांगितलं की पट्टा बांधता येत नाही, असं उलटं चालत नाही. ती गेली तसं जयाबाईंनी जाहीर केलं, मी आता उतरेपर्यंत बसूनच राहणार. पाय खाली सोडले. पाय बघितले मी — सुजून भोपळ्यागत झालेले. डॉक्टरनं लोंबकळत ठेवायला मनाई केलेली, म्हणून तर पोरानं झोपायचं तिकीट काढलं.

मला राग आला. म्हटलं, एवढं शिकलेलं पोर पोटी आलं आणि तुम्ही दिशा कसल्या बघत बसलाय? माणूस मरायचं तर पूर्वेला पाय करून पण मरतंय.

तर हळू म्हणाल्या, "माझं काय हो. मी आज जाईन न्हायतर उद्या. पर सून अवघडलीया. असल्या टायमाला आपण असं निजायचं न्हाय."

सून म्हणाल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. 'ती' नाही, 'राजूनं केलेली' नाही. सून.

माझं हसू आणि राग दोन्ही कुठल्या कुठं गेलं. मी विचार केला. पुढं दक्षिण, मागं डोकं. मग राहिलं काय? आडवं! भिंत तर खाली गेलीच होती, मधे नुसती एक फळी. म्हटलं, त्या कडेला पाठ टेका आणि पाय फळीवरनं इकडं टाका, माझ्या मांडीवर. पश्चिम असेल न्हायतर पूर्व, दक्षिण तर नव्हं?

त्यांनी माझ्याकडं बघितलं. पायांकडं बघितलं.

"तुम्हाला पाय लागतील माझं."

म्हटलं, लागू द्या. आजवर आमची सावली चालत नव्हती, आता पायच येऊ द्या.

बोलून गेले खरी. जीभ म्हणजे काय, लगाम नसलेलं घोडं. वाटलं, आता भिंत परत वर जाणार. पण त्यांनी लुगडं घोट्यापर्यंत सारखं केलं. मग एक पाय आला. मग दुसरा.

मी चोळत बसले. तंबाखूनं घट्टे पडलेले हात आहेत माझे, तेवढे तरी कामाला आले. त्या भोकाकडं बघून त्या म्हणाल्या, हे आमच्या मागाच्या खड्ड्यागत आहे. नवरा गेल्यावर त्या मागावर बसल्या. खड्ड्यात पाय सोडायचे आणि दिवसभर पावडी दाबायची, त्यानंच पाय गेले. एवढ्या श्रीमंतीच्या विमानात आले, इथं पण खड्डाच! असं म्हणून त्या पहिल्यांदा हसल्या. दात एक पडलाय, छान दिसतात.

मग पिशवीतनं चटणी-भाकरी काढून माझ्यापुढं केली. मी खाल्ली. मीठ जरा जास्त होतं. बोलले नाही.

एका सोवळ्यानं दुसरं सोवळं मोडलं. यमानंच मोडलं म्हणा.

१७ ऑक्टोबर, तरीपण अजून

दुपारी निघालो आणि सोळा तास उडून त्याच दिवसाच्या संध्याकाळी उतरलो. असा फुकटचा दिवस कुणाला मिळतो!

विमानतळावर एका धिप्पाड साहेबानं बॅगा उघडायला लावल्या. माझ्यातनं निघालं — डिंक, अळीव, खारीक, वेखंड. त्यांच्यातनं निघालं — डिंक, अळीव, खारीक, वेखंड. त्याच वाणाच्या पुड्या, तशीच गाठ. साहेब वेखंडाची मुळी नाकाला लावून शिंकला. मग एकदा माझ्याकडं, एकदा त्यांच्याकडं बघितलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडं बघितलं. मी इतका प्रवास शेजारी बसून केला आणि मला वाटत होतं ही बाई सोवळं करायला चाललीय. ती बाळंतपण करायला चाललेली.

जयाबाई पुढं सरल्या. "बेबी," म्हणाल्या. आणि दोन पाय पसरल्यागत करून, हवेतल्या हवेत बाळाला न्हाऊ घालून दाखवलं. अगदी नाक सरळ करण्यापर्यंत. मागची रांग बघत राहिली.

साहेबानं विचारलं, "टुगेदर?"

मी खारकांची पुडी बांधत बसले. म्हटलं, बघू.

"येस," जयाबाई म्हणाल्या. "टुगेदर."

वेखंड तेवढं ठेवून घेतलं मेल्यानं.

२० ऑक्टोबर

घर झकास. नीलम माझ्या गळ्यात पडली, मग त्यांच्या पाया पडायला वाकायला लागली तर त्यांनी तिला वाकूच दिलं नाही. दंडाला धरून उभी केली. धरलेला दंड सोडेनात.

स्वयंपाकघर एक आणि बायका दोन. पहिल्या दिवशी वाटण्या झाल्या — चूल माझी, न्हाणी त्यांची. राजकुमार बाहेर उभा राहून ऐकत होता, मंत्रिमंडळ बनताना ऐकतात तसा.

आज माझी भाकरी खाल्ली त्यांनी. दुसरी मागितली.

२४ ऑक्टोबर

मुलगी! दोघी सुखरूप. नाक आमचं, रंग त्यांचा, आवाज कुणाचाच नाही इतका मोठा.

२८ ऑक्टोबर

पाचवी. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी लिहून जाते म्हणे. आमच्याकडं हे नाही. बाबासाहेबांच्या लेकरांचं आम्ही आमचं लिहून घेतो, दुसऱ्याला पेन देत नाही. पण विहीणबाईंची इच्छा. मी म्हटलं, ठेवा काय ठेवायचं ते, मी काय सटवाईला दार लावून घेणार नाही. फक्त ह्या देशात ती कागदावर लिहायची नाही, नीलमचा लॅपटॉप उघडून ठेवा.

रागवतील वाटलं. पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

लॅपटॉप ठेवला खरंच!

५ नोव्हेंबर

आज जे ऐकलं ते ऐकायला नको होतं.

मी चुलीशी. जयाबाई पाळण्यापाशी, त्यांचा फोन वाजला. वडगावहून नागुबाई. फोन मोठ्या आवाजावर, दोघीही कानानं कमी. नागुबाई विचारत होत्या, गंगा कशी आहे? गर्दी आहे का? गयेला कधी निघणार?

आणि जयाबाई सांगत होत्या — गंगेला पाणी लई हाय. गर्दी तर विचारू नका आक्का.

मला वाटलं, बाईला भ्रम झाला. तेवढ्यात बाळ रडलं. तिकडनं नागुबाई म्हणाल्या, "पोर कुणाचं गं रडतंय?"

जयाबाई पाळणा हलवत म्हणाल्या, "सोबत एक बाई हाय, तिची नात."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर जळली. जळू दिली.

६ नोव्हेंबर

सगळ्यांना ठाऊक होतं. राजकुमारला, नीलमला. फक्त मला सांगितलं नव्हतं, कारण "आई, तू बोलून जातेस."

जयाबाई काशीला गेल्यात. काशी, गया, सगळं करून दोन महिन्यांनी येणार, असं वडगावात आख्ख्या गल्लीला माहीत आहे. निघताना हातात नारळ दिला, पेढे वाटले. म्हणून काकतीला उभ्या राहिल्या. म्हणून त्या बेळगावच्या बाईला तोंड दाखवलं नाही. आणि मी आपली सगळं माझ्याच अंगावर ओढून बसले होते!

पण म्हणून काय झालं? संध्याकाळी समोर जाऊन बसले. विचारलं, हे असं का.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. घर दिराचं. माग दिराचा. त्या घरात त्यांची एक खोली आहे, त्यांचं असं तेवढंच. दिरानं लग्नाच्या वेळीच सांगून ठेवलंय, त्या पोरीच्या दारात गेलीस तर परत ह्या दारात यायचं नाही. पोरगा म्हणतो इथं राहा. पण इथं कायमचं राहू देत नाहीत, सहा महिने झाले की सरकार घालवतं. मग जायचं कुठं ह्या वयात?

"खरं बोलले तर दार बंद," म्हणाल्या. "खोटं बोलले तर निदान पोरीला न्हाऊ तरी घालायला मिळतंय."

मला कळलं. सगळं कळलं. पण कालचा तो शब्द सोडवेना. म्हटलं, "मग न्हाऊ घाला. रोज घाला. पर माझ्या नातीला सोबतच्या बाईची नात म्हणायचं न्हाय. ती काय तुम्हाला काशीत घाटावर सापडली न्हाय."

मी उठले. नीलम दारात उभी होती. तिनं ऐकलं.

७ नोव्हेंबर

कोण कुणाशी बोललं नाही. बाळ एकटंच बोलतंय.

८ नोव्हेंबर

कालच्यासारखंच. न्हाणीत मात्र त्या बाळाशी गुणगुणतात. पायावर घेऊन तेल चोळतात ते बघत राहावं. रागात पण बघतेच मी. हात असा फिरतो, जणू ताणा सारखा करतायत, एक धागा तुटता कामा नये.

नीलमला म्हटलं, मी चुकले का? म्हणाली, "आई, कागदाच्या कपात पाणी मी प्यायलं होतं. मी विसरले. तू कधी विसरणार?"

मी म्हटलं, तुझ्या पोरीला कुणी कागदाच्या कपात पाणी देणार नसेल, तेव्हा.

९ नोव्हेंबर

फोन वाजला तेव्हा जयाबाईंचे दोन्ही हात तेलात होते. बाळ पायांवर पालथं. मी न्हाणीच्या दारात, कढत पाण्याची बादली घेऊन. वडगावचा होता, समोरचं माणूस दिसतं तसला. नागुबाईंच्या नातवानं नवा फोन आणलाय, तो चालवून बघत असतील. काशी बघायची असेल.

जयाबाई फोनकडं बघत राहिल्या. वाजतोय, वाजतोय. मी म्हटलं, बंद करू? खरंच म्हटलं. त्या क्षणी मलाच नको वाटलं. एक खोली असते बाईची, तीही जाईल.

"उचला," म्हणाल्या. "आणि माझ्या तोंडापुढं धरा."

मी धरला. नागुबाई दिसल्या, मागं दीर, मागं आणखी कोण कोण. "हे गं काय? कुठं हाईस तू?"

जयाबाईंनी बाळाला उताणं केलं. त्याचं तोंड फोनकडं केलं.

"अमेरिकेत हाय, राजूच्या घरात. ही माझी नात. आणि फोन धरलाय त्या माझ्या विहीणबाई. आक्का, तुम्हाला काय बोलायचं ते बोला, पर नंतर. पाणी गार व्हायलंय."

तिकडनं चित्र गेलं.

त्यांनी हात पुढं केला. मी तांब्या दिला. हातात हात लागला, त्यांचं तेल माझ्या हाताला आलं. "वता," म्हणाल्या. मी पाणी ओतत गेले, त्या चोळत गेल्या. बाळ गप्प झालं होतं, इतकं की दोघी एकदम घाबरलो. झोपलं होतं.

१२ नोव्हेंबर

वडगावचा निरोप आला. नागुबाईंच्या मुलानं लिहून धाडलाय — काकूनं आता काशीतच राहावं.

जयाबाईंनी तो माझ्याकडनं दोनदा वाचून घेतला. मग बाळाचा लंगोट बदलला. मग घडी घालता घालता, माझ्याकडं न बघता, विचारलं — "विहीणबाई, परतताना बेंगळूरहून येताना आधी बेळगाव लागतं का निपाणी?"

बेळगाव लागतं. जन्म गेला त्यांचा तिथं, त्यांना ठाऊक आहे.

मी म्हटलं, निपाणी.